औषध एकाला, आजार घराला

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाचे एक संशोधन केंद्र सुरू झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून ते उघडले होते. शहरातल्या गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांमधले १९३ रुग्ण तिथे निवडले गेले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले. तिथे पलंग होता, परिचारिका होत्या, सकस जेवण होते, विश्रांती होती. दुसरा गट घरीच राहिला, त्याच एका खोलीत, त्याच अपुऱ्या जेवणावर. अनेकांची कामेही सुरूच होती. औषधे दोन्हीकडे तीच, आयसोनियाझिड आणि पीएएस, वर्षभर. वर्ष संपल्यावर पाहिले तर बरे होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे. त्याहून मोठी गोष्ट पुढे कळली. पाच वर्षे दोन्हीकडच्या घरच्या माणसांवर लक्ष ठेवले गेले, आणि घरी राहिलेल्या रुग्णांच्या बायकामुलांना सॅनेटोरियममध्ये गेलेल्यांच्या बायकामुलांपेक्षा जास्त धोका झाला नाही, असे दिसले. लागण व्हायची ती बहुतेक औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते.

या निष्कर्षानंतर जगभरातली सॅनेटोरियमे हळूहळू बंद पडत गेली. क्षयरोग्याला घरात ठेवून बरे करता येते, त्याला घराबाहेर काढायचे कारण नाही, हे आपल्या देशात, आपल्याच गरीब माणसांच्या खोल्यांमध्ये सिद्ध झाले. आणि आपल्याच देशात आजही टीबीचे निदान झाले की घरात पहिली गोष्ट घडते ती ताट वेगळे होण्याची. या पुस्तकात महाराष्ट्रातल्या काही घरांच्या हकिकती आहेत. काहींनी त्या सांगितल्या, काहींनी वहीच्या कागदावर लिहून दिल्या. हस्तलिखित वाचताना मला मद्रासच्या त्या रुग्णांची सारखी आठवण येत होती. वैद्यकाने ज्या प्रश्नाचा निकाल कधीच लावला, त्याच प्रश्नावरून ही घरे अजून मोडताहेत.

एका हकिकतीत स्टीलचा एक पेला आहे. सुनेला टीबी झाला तेव्हा सासूने त्या पेल्याच्या बुडाला खिळ्याने फुली कोरली. मांडणीवर तो बाकीच्या भांड्यांपासून वीतभर लांब, पालथा ठेवलेला असे. टॉवेलही वेगळ्या खिळ्यावर. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला, सुनेचे वजन वाढले, डॉक्टरांनी औषध बंद केले. पेला मात्र तिलाच राहिला. या बाईला टीबी झाला होता मानेच्या गाठींचा. असा टीबी कोणाकडून कोणाला होत नाही. पसरतो तो फुफ्फुसाचा, आणि तोही हवेतून, खोकल्यातून. ताटवाटीतून, पेल्यातून, अंथरुणातून तो जात नाही. फुफ्फुसाच्या टीबीतसुद्धा औषध लागू पडले की साधारण पहिल्या दोन आठवड्यांतच संसर्गाची ताकद झपाट्याने कमी होते. म्हणजे ती फुली पहिल्या दिवसापासूनच निरर्थक होती. घरातल्या कोणी तसे तिच्या सासूला सांगितले नव्हते आणि दवाखान्यात सासूला कोणी बोलावलेच नव्हते. कागद रुग्णाच्या नावाचा, गोळ्या रुग्णाच्या हातात, चार शब्द बोलायचे तेही रुग्णाशी. जी बाई घरातले ताटपाट ठरवते, तिच्याशी कोणी बोललेच नाही.

या भीतीला मी एकदम अडाणीपणा म्हणणार नाही, कारण ती अनुभवातून आलेली आहे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले ते २४ मार्च १८८२ रोजी. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच त्या गेल्या, बावीस वर्षेही पूर्ण झाली नसताना. रोगाचा जंतू माहीत होता आणि डॉक्टर झालेल्या बाईलाही त्यावर घेण्यासारखे औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला १९४३ साल उजाडले. मधल्या साठ वर्षांत किती घरांनी तरणीताठी माणसे डोळ्यांदेखत झिजताना पाहिली असतील! मिरजेजवळ वानलेसवाडीला किंवा मुंबईत शिवडीला कोणाला नेले की घरात पुढचे बोलायची गरज उरत नसे. आपल्या आज्या-पणज्यांनी भांडी वेगळी केली तेव्हा त्यांच्या हातात दुसरे काहीच नव्हते. आज आहे. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, आणि साधा टीबी असेल तर बहुतेक माणूस खणखणीत बरा होतो. औषध घराघरात पोचले, त्याच्याबरोबर ही खात्री पोचली नाही, याचे दुःख मोठे आहे.

आणि ही भीती घरात सगळ्यांवर सारखी पडत नाही. नवऱ्याला टीबी झाला तर बायको त्याच्या गोळ्या मोजते, अंडी उकडते, सकाळी त्याच्याबरोबर रांगेत उभी राहते. बायकोला झाला तर तिला 'थोडे दिवस' माहेरी पाठवतात. नव्वदच्या दशकात भारतात झालेल्या अभ्यासांवरून असा अंदाज बांधला गेला होता की टीबीमुळे दरवर्षी एक लाखाहून जास्त बायकांना घरच्यांनी टाकले आणि तीन लाख मुलांची शाळा सुटली. हा आकडा पुढे सरकारी कागदपत्रांतही वर्षानुवर्षे छापला गेला. तो वाचून कोणाची झोप उडाली, असे मला कधी दिसले नाही.

बाईच्या बाबतीत निदानापासूनच गोष्टी अडतात. मी सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बरीच वर्षे काम केले आहे. तिथे थुंकीची डबी हातात दिली की पुरुष मागच्या बाजूला जाऊन जोरात खाकरून बेडका काढून आणतो. सून सासूबरोबर आलेली असते. चारचौघांत खाकरायचे कसे, म्हणून ती तोंडातली लाळ डबीत टाकते आणि पदराखाली झाकून आणते. लाळेत जंतू कुठून सापडणार? तपासणी निगेटिव्ह येते, खोकल्याच्या औषधाची बाटली मिळते आणि दोन महिन्यांनी ती परत येते तेव्हा सात-आठ किलोंनी उतरलेली असते. रावळपिंडीत झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. बायकांना बेडका कसा काढायचा हे नुसते नीट समजावून सांगितले, तर त्यांच्यातले निदानाचे प्रमाण वाढते, असे त्यात दिसले. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. आडोशाची एक जागा लागते आणि दोन मिनिटे बोलणारी एक नर्स लागते. आता गोव्यातल्या कंपनीचे ट्रूनॅट यंत्र तालुक्याच्या ठिकाणीही आले आहे. तासा-दोन तासांत ते जंतूही सांगते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही हेही सांगते. पण त्या यंत्रातही लाळच घातली, तर ते बिचारे काय सांगणार?

याहून आत लपलेला टीबी गर्भाशयाचा आणि गर्भनलिकांचा. मूल होत नाही म्हणून जिला वर्षानुवर्षे बोलणी खावी लागतात, देवधर्म करावा लागतो, अशा कितीतरी बायकांच्या नलिका या आजाराने बंद झालेल्या असतात. आपल्याकडे वंध्यत्वाच्या महत्त्वाच्या कारणांत त्याची गणना होते. खोकला नाही, ताप असलाच तर बारीकसा, पाळीची तक्रार बाई कोणाला सांगत नाही. निदान होते तेव्हा कधीकधी घरात दुसऱ्या लग्नाची बोलणीही सुरू झालेली असतात.

ऊसतोडीच्या घरातली हकिकत पैशाच्या अंगाने वाचावी. बीडकडून माणसे दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती जोडीने. मुकादमाची उचल घेतलेली असते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा आणि बायको दोघांवर मिळून. दोघांपैकी एकाला टीबी झाला तर अर्धा कोयता उरत नाही, सगळाच कोयता मोडतो. फेडायची उचल मात्र तशीच अंगावर राहते. या हकिकतीतल्या माणसाने औषध दोनदा सोडले. पहिल्यांदा फडावर आल्यावर, कारण नाव गावाकडच्या केंद्रात होते आणि इथे कोणाला विचारायचे ते माहीत नव्हते. नियमाप्रमाणे उपचार एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वर्ग करून मिळतो, पण हे पहाटे चारला उठून मोळ्या बांधणाऱ्या माणसाला कोणी सांगितलेले नव्हते. दुसऱ्यांदा सोडले ते गोळ्यांनी मळमळायचे म्हणून आणि लघवी लाल-केशरी व्हायला लागली म्हणून. ती रिफाम्पिसिनने होतेच, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. पण टोळीतल्यांनी पाहिले आणि रक्त जाते आहे असे ठरवून टाकले. त्या माणसाला 'औषध अर्धवट सोडणारा बेजबाबदार रुग्ण' म्हणणे फार सोपे आहे. मी स्वतः अशा नोंदी हजारदा वाचल्या आहेत. ही हकिकत वाचल्यावर ते शब्द लिहायला कोणाचाही हात अडखळावा, अशी माझी इच्छा आहे.

मुंबईच्या हकिकतींमध्ये घर हेच कारण म्हणून पुढे येते. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या चाळींत उजेड आणि हवा यावी, हे त्याचे एक उघड काम होते. ट्रस्टचे जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम लावून धरला. सरळ भाषेत सांगायचे तर, समोरच्या इमारतीची जेवढी उंची, त्याच्या निदान निम्मी जागा मध्ये मोकळी हवी, म्हणजे खालच्या खोलीतल्या माणसालाही आकाशाचा तुकडा मिळेल. गोऱ्या साहेबांच्या या ट्रस्टने गरिबांना उठवून लावण्याचे पापही पुष्कळ केले, ते विसरू नये. पण हा नियम खरा होता. आता शंभर वर्षांनंतरच्या गोवंडी-मानखुर्दला या. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी झोपड्या पाडल्या गेलेल्या कुटुंबांना तिथल्या नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड यांसारख्या वसाहतींत घरे दिली गेली. इमारती सात-आठ मजल्यांच्या आणि त्यांच्यामध्ये काही ठिकाणी अंतर जेमतेम तीन मीटर. 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबई यांच्या २०१८ च्या अभ्यासाने तिथल्या घरांतला अपुरा उजेड, कोंडलेली हवा आणि टीबी यांचा संबंध दाखवून दिला. खालच्या मजल्यांवरच्या घरांत भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. खिडकी उघडली तर समोरच्या घराचा संडासाचा पाइप आणि खालच्या बोळातल्या कचऱ्याचा वास, म्हणून खिडकी बंदच. टीबीचा जंतू अशा हवेत तासन्‌तास तरंगत राहतो. खेळत्या हवेत तो विरळ होतो, सूर्यप्रकाशात मरतो. या पुस्तकातली एक आई म्हणते की झोपडीत पत्रा तापायचा, पाणी गळायचे, पण दाराबाहेर पाऊल टाकले की ऊन असायचे, आणि पक्क्या घरात आल्यावर तिच्या दोन्ही मुलींना आजार झाला. सरकारने बांधून दिलेल्या घरातून रोग आला असेल, तर त्या घराच्या नकाशावर सही करणाऱ्याचाही या आजाराशी संबंध आहे, असे मी मानते. त्या मुलींना मास्क लावायला सांगून तो संबंध संपत नाही.

जेवणाचा विषय तर याहून साधा आहे. कुपोषित शरीरात हा जंतू जोर धरतो, हे जुने ज्ञान आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून एक मोठा अभ्यास केला. 'रेशन्स' या नावाने तो ओळखला जातो आणि २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या घरांत राहणारी दहा हजारांवर माणसे त्यात होती. रुग्णाला तर धान्य दिलेच, पण निम्म्या घरांत घरातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले आणि फुफ्फुसाच्या, पसरणाऱ्या टीबीचे ४८ टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळ! हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते. आपल्याकडे २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्या घरात आई शेवटी जेवते, तिथे रुग्णाच्या नावाने आलेल्या पैशांतून आणलेली अंडी कोणाच्या ताटात जातात, हे या पुस्तकातल्या तीन-चार घरांनी अगदी उघडपणे सांगितले आहे. रुग्ण आई असेल तर ती मुलांच्या ताटात जातात. मुलगा असेल तर आईच्या वाट्याला त्यातले काही येत नाही, आणि वर्षाभराने ती खोकायला लागते. म्हणून झारखंडच्या त्या अभ्यासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती धान्य घरातल्या प्रत्येक माथ्यामागे देण्याची रीत.

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या हकिकती शेवटच्या भागात आहेत. त्या वाचायला जड जातात. जुन्या उपचारात कानामायसिनची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत आणि त्यांनी अनेकांचे कान कायमचे गेले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी अशीच श्रवणशक्ती गमावली. बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत लांबवण्याचा जॉन्सन अँड जॉन्सनचा प्रयत्न सुरू झाला, तेव्हा त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी त्याला हरकत घेतली. तिसिले यांचेही कान याच उपचारात गेले होते. २३ मार्च २०२३ रोजी भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. आता इंजेक्शनांशिवायचा, पूर्वीपेक्षा खूप कमी मुदतीचा उपचार मिळतो. तो या दोघींसारख्या रुग्णांनी भांडून जवळ आणला आहे, हे प्रत्येक रुग्णाच्या घरी कळायला हवे.

जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे एक भारतातला असतो. २०२५ पर्यंत देश टीबीमुक्त करण्याचे उद्दिष्ट २०१८ मध्ये जाहीर झाले होते. ते साल आले आणि दवाखान्यांतल्या रांगा तशाच राहिल्या. मार्च २०२४ मध्ये तर साध्या टीबीच्या गोळ्यांचा पुरवठा इतका विस्कळीत झाला की केंद्राने राज्यांना आपापल्या पातळीवर खरेदी करायला सांगितले. एक दिवस गोळी चुकली म्हणून रुग्णाला रागावणारी यंत्रणा स्वतः आठवडेच्या आठवडे गोळी देऊ शकत नव्हती. घरातल्या निरोगी माणसांनाही आता प्रतिबंधक औषध दिले जाते. त्याला घरे नकार देतात, ‘आम्हाला काही झाले नाही, मग गोळ्या कशाला?’ म्हणून. आशाताई दारात उभी राहून समजावते. पहिल्यांदा दार लागते, दुसऱ्यांदा पाणी विचारतात, तिसऱ्यांदा कोणीतरी एक जण गोळी घ्यायला तयार होतो. टीबीचे काम खऱ्या अर्थाने पुढे सरकते ते या तिसऱ्या फेरीला. तिच्या या फेऱ्यांचा मोबदला किती आणि तो कधी हातात पडतो, हे वाचकांनी आपल्या भागातल्या आशाताईंना जरूर विचारावे.

या हकिकतींत कोणाचीही नावे नाहीत, गावांची नावेही बदललेली आहेत. काही जणींना स्वतःचे नाव छापून हवे होते आणि त्यासाठी त्यांनी संपादकांशी वादही घातला. त्यांचे म्हणणे मला पटत होते. तरीही नावे काढली गेली, कारण त्यांच्या मुलींची लग्ने व्हायची आहेत आणि ‘आईला टीबी होता’ एवढ्यावरून स्थळे परत जातात. हकिकती रुग्णांच्या क्रमाने लावलेल्या नाहीत, घरांच्या क्रमाने लावल्या आहेत. एकाच घरातली सून, सासू, नवरा, कधी शाळेत जाणारे पोर असे सगळे आपापली बाजू सांगतात आणि पुष्कळदा एकमेकांना खोडून काढतात. फुलीच्या पेल्याची हकिकत सासूनेही सांगितली आहे. ती सुनेच्या हकिकतीच्या लगेच पुढे छापली आहे. दोन्ही सलग वाचाव्यात.